मॉरिशसचं नॅशनल हिस्ट्री म्युझियम: बाबांना घेऊन जायचंय, कोणी बघितलंय का?

कुडाळची_मधुरा

नमस्कार मंडळी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मॉरिशसला चाललोय. मी, नवरा, लेक (वय १०) आणि माझे बाबा. सात रात्री, हॉटेल फ्लिक आं फ्लाकला. बुकिंग एका टूरवाल्याकडून केलंय आणि त्याच्या आयटिनररीत बीच, बोट, सात रंगांची माती, गंगा तलाव, शॉपिंग आणि परत बीच असं सगळं आहे. त्याबद्दल तक्रार नाही, पण बाबा ३४ वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवायचे, आता वय ७३, उजवा गुडघा दुखतो, आणि परदेशात पहिल्यांदाच चाललेत. त्यांची एकच मागणी आहे की त्या देशाचं इतिहासाचं म्युझियम बघायचं, बाकी तुम्ही न्याल तिथे येतो. नकाशावर शोधलं तर ते माहेबर्ग नावाच्या गावात दिसतंय, हॉटेलपासून बरंच लांब. टूरवाल्याला विचारलं तर म्हणाला मॅडम तिथे काही नाही, जुनं घर आहे, कोणी जात नाही, त्यापेक्षा जहाजाच्या मॉडेलची फॅक्टरी दाखवतो.

आणखी एक गोष्ट सांगते म्हणजे बाबा एवढा हट्ट का करतायत ते कळेल. आमच्या घरात बाबांची आजी साखरेला कधी साखर म्हणायची नाही, मोरस म्हणायची. चहात मोरस घाल, मोरस संपली. बाबांनी पुढे शिकवायला लागल्यावर वाचलं की मोरस म्हणजे मॉरिशस, तिकडून येणारी पांढरी साखर म्हणून ती मोरस. आणि त्याच घरात असंही बोललं जायचं की आमच्या आजोबांच्या आजोबांचा धाकटा भाऊ, लक्ष्मण, 'मोरसला गेला तो गेला'. कधी गेला, कशाने गेला, तिथे पोचला की नाही, कोणालाच माहीत नाही. नाव सोडून काही उरलेलं नाही.

तर प्रश्न असे: म्युझियमला अर्धा दिवस द्यावा एवढं तिथे आहे का? जिने किती आहेत? मुलगा कंटाळेल का? आणि आपल्याकडच्या, म्हणजे कोकणातून गेलेल्या लोकांबद्दल तिथे काही बघायला मिळतं का?

संदीप_ठाणे

आम्ही गेल्या वर्षी जाऊन आलो. स्पष्ट सांगतो, राग मानू नका. सात रात्री म्हणजे हातात सहा दिवस, त्यातला अर्धा म्युझियमला घालवला तर पोरगा नाराज होईल. फ्लिक आं फ्लाकहून तिकडे जायला तासभर, यायला तासभर, म्हणजे तो अख्खा दिवसच धरा. माझ्या मुलांना इल ओ सर्फ या बेटावरचा दिवस अजून आठवतो, म्युझियममधलं त्यांना काय आठवलं असतं माहीत नाही. पण वडिलांची इच्छा आहे म्हटल्यावर एक उपाय आहे. एअरपोर्ट त्या गावाला लागूनच आहे, गाडीने दहा-पंधरा मिनिटं. परतीचं विमान रात्रीचं असेल तर शेवटच्या दिवशी चेकआउट करून सामान गाडीत टाका, आधी म्युझियम, मग एअरपोर्ट. म्हणजे एकही दिवस वाया जाणार नाही.

दर्यावर्दी

मधुराताई, टूरवाल्याचं ऐकू नका. मी २२ वर्षं जहाजावर काढलीत, पोर्ट लुईला तीनदा लागलो, आणि माहेबर्गचं हे म्युझियम दोनदा बघितलंय, दुसऱ्यांदा मुद्दाम बायकोला घेऊन गेलो होतो. जुनं घर आहे हे खरं, पण त्या घरासाठीच जायचं असतं.

१७७० च्या सुमारासची फ्रेंच जमीनदाराची हवेली आहे, रोबियार म्हणून घराणं होतं. समोर मोठं आवार, झाडं. १८१० च्या ऑगस्टमध्ये समोरच्याच खाडीत, ग्रां पोर तिचं नाव, फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली, आणि लढाई संपल्यावर दोन्ही बाजूंचे सेनापती जखमी अवस्थेत याच घरात आणून ठेवले. फ्रेंचांचा द्युपेरे, त्याच्या तोंडावर छर्रा लागून तो बेशुद्ध पडला होता, आणि इंग्रजांचा विलोबी, लाकडाची चिरफळी लागून त्याचा एक डोळा गेला होता. नुकतेच एकमेकांवर तोफा डागणारे दोन माणसं एकाच छपराखाली उपचार घेत होते. तुम्ही त्या खोल्यांमधून चालता तेव्हा हे डोक्यात ठेवा, मग काचेच्या कपाटातल्या वस्तू बोलायला लागतात.

लढाई थोडी सविस्तर सांगतो, म्हणजे सरांना आणि नातवाला दोघांनाही मजा येईल. खाडीच्या तोंडाशी इल द ला पास नावाचं छोटं बेट आहे, त्यावर किल्ला. इंग्रजांनी तो आधीच काबीज केला होता पण वर झेंडा फ्रेंचांचाच फडकवत ठेवला, म्हणजे बाहेरून येणारी फ्रेंच जहाजं बिनधास्त आत येतील. द्युपेरे फसला खरा, पण मागे न फिरता तोफांच्या माऱ्यातून जहाजं आत घुसवली आणि खाडीत किनाऱ्याला धरून रांगेत नांगर टाकला. आता इंग्रजांना आत जाऊन मारायचं होतं. आणि इथेच सगळा खेळ आहे. ती खाडी प्रवाळाने भरलेली आहे, वरून निळं-हिरवं सुंदर पाणी आणि खाली दगडासारखे कडे, आत जायचा रस्ता नागमोडी आणि अरुंद. फ्रेंचांनी वाट दाखवणाऱ्या खुणाच हलवल्या. २३ ऑगस्टला इंग्रजांच्या चार फ्रिगेट, म्हणजे शिडाच्या युद्धनौका, आत शिरल्या. सिरियस रुतली, मॅजिसिएन रुतली. निरीड जिथे पोचायची तिथे पोचली पण एकटी पडली, तिच्यावर रात्रभर मारा झाला, २८० च्या आसपास माणसांतले सव्वादोनशेच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. रुतलेल्या दोन जहाजांना शेवटी इंग्रजांनीच आग लावली. उरलेलं इफिजिनियाही शरण गेलं. मी स्वतः पायलटशिवाय, म्हणजे वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकाराशिवाय, अनोळखी खाडीत शिरायची वेळ आली तर काय होतं ते अनुभवलंय, पोटात गोळा येतो, आणि या लोकांकडे तर शिडं होती, इंजिन नव्हतं.

नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या आरमारावर फ्रेंचांनी मिळवलेला हा एकच मोठा विजय, म्हणून पॅरिसच्या त्या विजय कमानीवर ग्रां पोर हे नाव कोरलेलं आहे. त्या बुडालेल्या जहाजांमधून वर काढलेल्या वस्तू म्युझियममध्ये आहेत. पण तीनच महिन्यांनी, नोव्हेंबरच्या शेवटी, इंग्रज उत्तरेकडून काप मालेरोला मोठी फौज घेऊन उतरले आणि ३ डिसेंबर १८१० ला बेट त्यांचं झालं. या सगळ्या मोहिमेत हिंदुस्थानातून नेलेले शिपाई होते. त्याच्या आदल्या वर्षी रॉड्रिग्ज बेटावर जी पहिली तुकडी बसवली, त्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाईही होते. म्हणजे तुमचे लक्ष्मण आजोबा जायच्या कितीतरी आधी मुंबई इलाख्याची माणसं त्या समुद्रात पोचली होती. सरांना हे नक्की सांगा.

दुसरी वस्तू चुकवू नका ती म्हणजे सेंट जेरां जहाजाची घंटा. हे जहाज १७४४ च्या ऑगस्टमध्ये ईशान्येच्या प्रवाळ कड्यावर फुटलं, जेमतेम नऊ-दहा माणसं वाचली. त्यात काय होतं माहितेय? साखर कारखान्याची यंत्रं. गव्हर्नर लाबुरदोने बेटावर ऊस आणि साखर उभी करायच्या मागे लागला होता, त्यासाठी मागवलेली. तुमच्या पणजीच्या मोरसची सुरुवात तिथपासून धरा.

जिना आहे, वरचा मजला आहे. खालचा मजला डच आणि फ्रेंच काळाचा, वरचा इंग्रजांचा. सरांनी सावकाश चढावं. मागच्या आवारात जुन्या रेल्वेचे डबे आहेत, मुलाला तिथे सोडा. मॉरिशसला १८६४ पासून शंभर वर्षं रेल्वे होती, मग बंद केली. तासा-दीड तासात आरामात होतं सगळं.

अनिरुद्ध_सातारा

१० वर्षांचा मुलगा आहे म्हणता तर डोडो! पोर्ट लुईला नॅचरल हिस्ट्री म्युझियम आहे, लहानसं, तिथे डोडोचा सांगाडा आहे आणि तो एकाच पक्ष्याचा आहे. बाकी जगात जे सांगाडे ठेवलेत ते बहुतेक अनेक पक्ष्यांची हाडं जोडून केलेले. आणि ती जोडलेली हाडं बहुतेक सापडली कुठे, तर माहेबर्गजवळच, आताच्या एअरपोर्टला लागून एक दलदल आहे, मार ओ साँज. १८६५ ला तिथल्या शाळेतल्या मास्तरांनी, जॉर्ज क्लार्क, दलदलीत माणसं उतरवून अनवाणी पायांनी चिखल चाचपायला लावला आणि पायाला हाडं लागत गेली. शाळामास्तरांनी शोधून काढलं हे तुमच्या बाबांना आवडेल म्हणून लिहितोय. हाडं हिस्ट्री म्युझियममध्येही आहेत, पण अख्खा सांगाडा पोर्ट लुईलाच.

कात्र_बोर्नची_वहिनी

मधुरा, तुझा प्रश्न वाचून आज सकाळपासून मन त्यातच आहे. मी मूळची चिपळूणची, लग्न होऊन इथे आले त्याला १४ वर्षं झाली. नवरा मॉरिशियन मराठी, त्यांची सहावी पिढी. आधी उच्चार सांगते म्हणजे ड्रायव्हरला कळेल, माहेबर्ग नाही, माएबूर.

आता खरं सांगायचं तर दर्यावर्दी दादांनी जे लिहिलं ते सगळं बरोबर आहे, पण ते म्युझियम आहे जहाजांचं, गव्हर्नरांचं आणि लढायांचं. नावच मुळात आधी आरमाराचं म्युझियम होतं, १९५० ला सुरू झालं तेव्हा. आपल्या लोकांबद्दल तिथे थोडकंच आहे. तू बाबांना फक्त तिथे नेलंस तर ते खूश होतील पण लक्ष्मण आजोबा त्यांना तिथे भेटणार नाहीत. त्यासाठी पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर जायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्ही बघ, आणि जमलं तर आधी माएबूर आणि मग घाट, उलटं करू नकोस. आधी हे बेट कोणाकोणाचं होतं ते कळतं, डच आले १५९८ ला, ऊस आणि हरणं त्यांनी आणली आणि १७१० ला सोडून गेले, मग फ्रेंच, त्यांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून माणसं पकडून आणून गुलाम केली, मग इंग्रज. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी उठली. उसाला हात तर लागणारच होते. म्हणून आपली माणसं. हा क्रम डोक्यात बसला ना की घाटावर उभं राहिल्यावर ते वेगळंच कळतं.

घाट म्हणजे मोठी इमारत वगैरे नाही, आधीच सांगते म्हणजे निराशा होणार नाही. दगडी भिंती, जुन्या डेपोचे अवशेष, आणि सोळा पायऱ्या. १८४९ चा डेपो. बोटीतून उतरून या पायऱ्या चढून माणसं वर यायची, नोंद व्हायची, नंबर मिळायचा आणि मग कुठल्या मळ्यावर जायचं ते ठरायचं. १८३४ पासून पुढच्या पाऊणशे-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांवर लोक आले हिंदुस्थानातून. करार पाच वर्षांचा, महिन्याला पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ. बहुतेक बिहारकडचे, कलकत्त्याहून निघालेले, काही मद्रासहून, आणि मुंबई बंदरातून निघालेले आपले. रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी. मुंबईहून यायचं प्रमाण सुरुवातीच्या वर्षांतच जास्त होतं, त्यामुळे तुमच्या घरातली गोष्ट काळाच्या हिशोबाने बसते. २००६ पासून घाट युनेस्कोच्या यादीत आहे. शेजारी माहिती केंद्र आहे, ते बघायला तास द्या, आत जहाजाचा तळमजला कसा असायचा ते केलेलं आहे. सगळं सपाट आहे, बाबांना त्रास नाही.

आणि नाव शोधायचं असेल तर मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. त्या सगळ्या नोंदवह्या तिथे आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, गाव, जात, जहाज, उतरल्याची तारीख. १८६५ च्या आसपासपासून पुढे तर फोटोसुद्धा, कारण मजुरांच्या पासवर, म्हणजे ओळखपत्रावर, फोटो लावायची सक्ती झाली होती. तिथे मजुरांच्या घरगुती वस्तूंचं छोटं म्युझियम पण आहे. माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या खापरपणजोबांची नोंद तिथूनच काढून आणली, फ्रेम करून देवघराशेजारी लावलीय. पण असंच उठून जाऊ नको, आधी मेल करून विचार, बाहेरच्या लोकांना बघू देतात का आणि कसं ते त्यांना ठरवू दे.

आडनाव शोधू नकोस. इथे आडनावं उरलीच नाहीत. कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं, आणि बापाचं नाव पुढच्या पिढीचं आडनाव झालं. त्यामुळे इथे भिवाजी, बाबाजी अशी आडनावं भेटतील. घरात आता क्रेओल, म्हणजे इथली फ्रेंचवरून आलेली बोली, बोलतात, मराठी शाळेत शिकतात. पण गणपतीला ये कधी, राष्ट्रीय सुट्टी असते, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, गणपती डोक्यावर घेऊन समुद्रावर जातात आणि जाखडी नाचतात. मी पहिल्या वर्षी बघितलं तेव्हा रडले होते. चिपळूणला आमच्या वाडीत जे पाय पडतात तेच पाय.

जेवणाचं सांगते आणि थांबते. रस्त्यावर ढोल पुरी मिळते, चणाडाळ भरलेली पातळ पोळी, जोडीने देतात, आत घेवड्यासारख्या शेंगांच्या दाण्याची भाजी आणि टोमॅटोची चटणी. बाबा शाकाहारी असतील तर काळजीच नाही. माएबूरला सोमवारी बाजार असतो. आणि साबुदाण्याच्या कंदाची, कसाव्याची बिस्किटं करणारा जुना कारखाना आहे तिथे, १८७० पासूनचा, अजून हाताने करतात. वेळ असेल तर जा.

कुडाळची_मधुरा

वहिनी, दर्यावर्दी दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. बॉम्बे इन्फन्ट्रीचं ऐकल्यावर म्हणाले परत वाच. मेल केलाय मोक्याला. संदीपदादा तुमची शेवटच्या दिवसाची आयडिया बरी आहे पण वहिनी म्हणतात आधी माएबूर, म्हणून आम्ही उलटं करतोय, पहाटे विमान उतरतं तर सामानासकट सरळ तिकडेच जायचं आणि मग हॉटेल. टूरवाला गाडी त्या बाजूला न्यायला तयार नव्हता, शेवटी वेगळी टॅक्सी ठरवली. येऊन लिहिते.

दर्यावर्दी

उत्तम. पहाटे उतरताय तर आधी गावातल्या धक्क्यावर जाऊन खाडी बघून घ्या, म्युझियम उघडेपर्यंत. समोर तो लायन माउंटन दिसेल. पाण्याचा रंग नीट बघायला सांगा मुलाला, जिथे फिकट तिथे प्रवाळ, जिथे गडद तिथे खोल. मग आत नकाशा बघितल्यावर त्याला लगेच कळेल जहाजं कुठे रुतली.

कुडाळची_मधुरा

आलो परत मंडळी. चार दिवस झाले, आता बसून लिहितेय, लांबेल जरा.

पहिल्या दिवशी दादांनी सांगितलं तसं धक्क्यावर गेलो. सकाळची वेळ, वारा होता, बाबांनी मफलर काढली (तिकडे मेमध्ये थंडीला सुरुवात होते, कोणी जाणार असेल तर एक स्वेटर ठेवा). लेकाने फिकट आणि गडद पाणी बोटाने दाखवत दाखवत स्वतःच एक रस्ता शोधला आणि म्हणाला मी इथून जहाज नेलं असतं. मग म्युझियममध्ये जुन्या नकाशापाशी बाबांनी त्याला उभं केलं आणि विचारलं, आता सांग तुझा रस्ता कुठला? तो अर्धा तास हलला नाही तिथून. मला त्या पोराचा असा चेहरा शाळेच्या अभ्यासाला कधी दिसला नाही. तिकीट आम्हाला काही पडलं नाही, आत गर्दी तर अजिबात नाही, एक फ्रेंच जोडपं आणि आम्ही.

घंटेपाशी बाबा थांबले. अंगावर हिरवट डाग पडलेली, समुद्रात दोनशेच्या वर वर्षं पडून होती. बाबा शिकवायच्या आवाजात बोलायला लागले, जहाज, यंत्रं, ऊस, साखर, आणि मध्येच गप्प झाले. मग मला म्हणाले, मोरस. बस. मी काही बोलले नाही.

वरच्या मजल्यावर ते एक-एक पायरी करत चढले. वहिनी म्हणाल्या तसंच आहे, मजुरांचं थोडकंच आहे. बाबांनी खाली येऊन तिथल्या माणसाला इंग्रजीत विचारलं, या घरात काम करणारे कोण होते, त्यांचं काही आहे का? तो माणूस हसला नाही की टाळलं नाही, म्हणाला, सर, आधी गुलाम, नंतर तुमच्याकडचे, आणि त्यांच्या वस्तूच फारशा नव्हत्या, ठेवणार काय. बाबा मला नंतर टॅक्सीत म्हणाले की हे उत्तर प्रामाणिक होतं. ३४ वर्षं पोरांना लढायांच्या सनावळ्या पाठ करायला लावल्या, कोणी हा प्रश्न विचारला असता तर माझ्याकडे एवढंही उत्तर नसतं, असं म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं का तेही कळेना, पण दिवसभर बोलत होते.

घाटावर तिसऱ्या दिवशी गेलो. सोळा पायऱ्या लेकाने मोजल्या, बरोबर सोळाच. पायऱ्या इतक्या साध्या आहेत की आपल्या कुठल्याही नदीच्या घाटावर असाव्यात तशा, काळ्या दगडाच्या, कडा झिजलेल्या. माहिती केंद्रात जहाजात माणसं कशी झोपायची ते दाखवलंय, तिथे नवरा आत वाकून बघत होता आणि म्हणाला इथे तर कूस पण बदलता येणार नाही. मुंबईहून निघालेल्या जहाजांचा उल्लेख दिसला की बाबा वहीत लिहून घ्यायचे. चष्मा दोनदा पुसला. संदीपदादा, मुलाने इल ओ सर्फलाही मजा केली, तेही केलं आम्ही, पण घरी आल्यावर आजीला त्याने पहिलं काय सांगितलं तर जहाजं कशी रुतली ते.

डोडोचा सांगाडा पण बघितला, अनिरुद्ध. मला वाटलं होतं त्यापेक्षा पक्षी मोठा आहे. शाळामास्तरांची गोष्ट बाबांनी टॅक्सीवाल्याला सुद्धा सांगितली.

आता मोका. मेलला उत्तर आलं होतं, वेळ दिली होती, आणि एका बाईंनी खूप आपुलकीने ऐकून घेतलं. त्यांनी सरळ सांगितलं की नुसतं लक्ष्मण हे नाव शेकडो वेळा आहे, साल हवं, जहाज हवं, निदान बापाचं नाव किंवा गाव हवं. बापाचं नाव आम्हाला माहीत आहे, विठू. गाव कुडाळजवळचं. पण मग त्या म्हणाल्या की गावाचं नाव तेव्हाच्या गोऱ्या कारकुनाने कसं लिहिलं असेल ते तुम्ही सांगा, कारण रत्नागिरीसुद्धा इथे 'रुत्नाघेरी' सारखी लिहिलेली सापडते, आणि लक्ष्मणचं तर लुचमन, लुटचमन काहीही होतं. आमच्या हातात दीड तास होता, त्यात काही सापडलं नाही. त्यांनी फॉर्म दिला, म्हणाल्या घरी जाऊन विचार करून, जितकी स्पेलिंगं सुचतील तितकी लिहून पाठवा, आम्ही बघू.

वहिनी, तुम्ही त्या दिवशी घरी जेवायला बोलावलंत त्याबद्दल इथे सगळ्यांसमोर आभार मानते. सासऱ्यांनी फ्रेममधली नोंद खाली काढून बाबांच्या हातात दिली तेव्हा बाबांनी ती आधी वाचली नाही, गावाच्या नावावर बोट ठेवून बसले होते. मालवण लिहिलं होतं, इंग्रजीत, एक अक्षर जास्तीचं घालून.

कात्र_बोर्नची_वहिनी

अगं आभार कसले. सासरे अजून विचारतात, मास्तरांचं सापडलं का म्हणून. ते म्हणतायत कुडाळ असं शोधू नका, तेव्हा तो मुलूख सावंतवाडी संस्थानात होता, कारकुनाने वाडी असंच लिहून टाकलं असेल. आणि विठूचं विटू, विट्टो, विथू सगळं टाका.

कुडाळची_मधुरा

वाडीचं लक्षातच आलं नव्हतं! बाबांना आत्ता सांगितलं. काल रात्रीपासून ते ओसरीवर शाळेची जुनी वही घेऊन बसलेत, डाव्या बाजूला मराठी आणि उजव्या बाजूला इंग्रजी, कुडाळची अकरा स्पेलिंगं झालीत. आता म्हणतायत नवीन पान काढ, वाडीची वेगळी करू.